फादर नसताना: छळाच्या काळात कॅथलिक कुटुंबाने श्रद्धा कशी जपावी

छळ सुरू झाला की पहिला घाव धर्मगुरूंवर पडतो, दुसरा देवळावर, आणि सामान्य कुटुंबाच्या दारात शिपाई येईपर्यंत बराच काळ लोटलेला असतो. त्यामुळे बहुसंख्य कॅथलिकांच्या वाट्याला येणारा प्रश्न क्रूसावर मरण्याचा नसून फादरांशिवाय जगण्याचा असतो. रविवार येतो आणि मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवायची ख्रिस्तप्रसादाची उपासना, नसते, मूल जन्मते आणि स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) द्यायला कोणी नसते, म्हातारी आई अंथरुणाला खिळते आणि तिचे पापनिवेदन ऐकायला कोणी येत नाही. हा प्रश्न अनेक पिढ्या ज्यांनी सोडवला ते कोणी पंडित नव्हते, तर जपानमधील नागासाकीच्या आसपासचे शेतकरी आणि कोळी होते.

1587 मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने मिशनऱ्यांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम काढला आणि 1614 मध्ये तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. 1644 मध्ये कोनिशी मान्सियो हा शेवटचा ज्ञात धर्मगुरू मारला गेला. त्यानंतर 1865 पर्यंत त्या लोकांनी ना मिस्सा पाहिली, ना ख्रिस्तप्रसाद घेतला. तरीही जेव्हा फ्रेंच फादर आले तेव्हा हजारो माणसे आपण होऊन पुढे आली. वसईकरांना ही कथा परकी वाटू नये, कारण बंदीच्या या पर्वाच्या आरंभीच, 5 फेब्रुवारी 1597 रोजी, नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर ज्या 26 जणांना क्रूसावर चढवले गेले त्यांत वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया होते. आपण त्यांचा सण मोठ्या थाटाने साजरा करतो. मात्र त्यांच्यानंतर त्या भूमीत जे लोक मागे उरले त्यांनी काय केले, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. पुढील मार्गदर्शन मुख्यतः त्या मागे उरलेल्यांच्या अनुभवावर बेतलेले आहे.

एक खुलासा आधीच करावा लागेल. प्रत्येक उपहास, प्रत्येक शेजाऱ्याचे भांडण किंवा सरकारी कचेरीतला प्रत्येक अडथळा म्हणजे छळ नव्हे. जिथे कायदा आणि न्यायालय उघडे आहे तिथे, आपल्या देशात धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या, राज्यघटनेच्या 25 व्या कलमाचा आधार घेऊन, उघडपणे तक्रार करणे आणि वकील गाठणे हीच पहिली पायरी आहे. लपण्याची वेळ नसताना लपणारा समाज स्वतःच संशय ओढवून घेतो. येथे विचार केला आहे तो त्या परिस्थितीचा, जेव्हा हे सर्व दरवाजे बंद झालेले असतात.

कामे आधी वाटून ठेवावीत

जपानी ख्रिस्ती टिकले याचे एक कारण असे की फादर जाण्यापूर्वीच गावोगावी बंधुसंघ उभे राहिले होते आणि त्यांत कोणी काय करायचे हे ठरलेले होते. पुढे नागासाकीजवळच्या उराकामी भागात या रचनेला ठरीव रूप आले. सणवारांचा हिशेब ठेवणारा तो चोकाता, स्नानसंस्कार देणारा तो मिझुकाता, आणि घरोघरी निरोप पोहोचवणारा तो किकियाकु. या व्यवस्थेचे शहाणपण असे की कोणा एकाच्या हाती सर्व काही नव्हते, आणि एक माणूस पकडला गेला तरी दुसरे काम थांबत नव्हते.

आपल्या धर्मग्रामात हेच करायचे असेल तर दहा-बारा घरांचा एक गट करावा. त्याहून मोठा गट गुप्त राहत नाही आणि त्याहून लहान गट एका आजारपणाने मोडतो. प्रत्येक गटात ही तीन कामे तीन वेगळ्या घरांकडे द्यावीत आणि प्रत्येक कामाला एक उत्तराधिकारी शिकवून ठेवावा. हे सर्व फादर असतानाच, त्यांच्याकडून शिकून, त्यांच्या देखरेखीखाली एकदा तरी करून पाहावे. गटाची यादी फोनमध्ये किंवा व्हॉट्सअॅपवर ठेवू नये. दहा घरांची नावे डोक्यात राहतात. कामे केवळ पुरुषांकडे देण्याची आपली सवयही सोडावी. 1865 मध्ये नागासाकीच्या देवळात फादरांच्या कानाशी येऊन पहिला शब्द बोलली ती एक स्त्रीच होती.

दिनदर्शिका हा कणा

मला विचाराल तर सर्वांत आधी वाचवायची वस्तू मूर्ती नव्हे आणि ग्रंथही नव्हे, ती दिनदर्शिका होय. जपानी ख्रिस्ती लोकांकडे बास्तियान नावाच्या एका देशी धर्मशिक्षकाच्या नावाने चालत आलेले पंचांग होते. 1634 सालच्या सणांवरून बेतलेले ते पंचांग चोकाता दरवर्षी जपानी चांद्र महिन्यांशी जुळवून घेत असे. नाताळ कधी, उपवासकाळ कधी सुरू होतो, कोणत्या दिवशी शेतात काम करायचे नाही, हे त्यावरून सर्वांना कळे.

याचा पुरावा 17 मार्च 1865 रोजी मिळाला. नागासाकीतल्या ओउरा येथील नव्या देवळात उराकामीहून आलेल्या दहा-पंधरा जणांनी फादर बर्नार्ड पेतिजां यांना हळूच सांगितले की आम्हा सर्वांचे हृदय तुमच्यासारखेच आहे, मग सांता मारियाची प्रतिमा कुठे आहे असे विचारले, आणि बोलता बोलता हेही सांगितले की सध्या दुःखाच्या काळाचा, म्हणजे उपवासकाळाचा, सतरावा दिवस चालू आहे. त्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, 1 मार्चला होता. दोनशे वर्षांहून अधिक काळ रोमशी कसलाही संपर्क नसताना त्यांची मोजणी एका दिवसानेही चुकली नव्हती!

म्हणून कुटुंबाने पुढील वीस-पंचवीस वर्षांच्या ईस्टरच्या तारखा एका कागदावर लिहून ठेवाव्यात. ईस्टर कळला की त्यावरून राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार, स्वर्गारोहण आणि पेन्टेकॉस्ट सर्व काढता येतात. तो कागद हरवला तर मोजायची रीतही एका तरी माणसाला यावी: 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. चर्चची पौर्णिमा तिच्या स्वतःच्या कोष्टकाने ठरते आणि आकाशातल्या चंद्राशी कधीकधी एखादा दिवस जुळत नाही. परंतु अडचणीच्या काळात एवढा फरक चालण्यासारखा आहे. सण साजरे करताना बाहेरून काहीही दिसण्याची गरज नाही. शुक्रवारी घरात मांस शिजू नये, रविवारी शक्य तेवढे काम टाळावे, नाताळच्या रात्री मुलांना उठवून गव्हाणीची गोष्ट सांगावी. ज्या मुलाला वर्षाचा हा ताल अंगवळणी पडला त्याला पुढचे शिकवणे सोपे जाते.

रविवारी मिस्सा मिळणे अशक्य असेल तर ती चुकवल्याचे पाप लागत नाही. त्या वेळी कुटुंबाने किंवा लहान गटाने एकत्र बसून त्या दिवसाचे शास्त्रवाचन करावे, विश्वासांगीकार म्हणावा आणि ख्रिस्तप्रसादाची मनापासून ओढ व्यक्त करावी, ज्याला आपण आध्यात्मिक ख्रिस्तप्रसाद म्हणतो. ही ओढ खरी असावी. ती दुधाची तहान ताकावर भागवण्याची रीत होऊ नये.

पाण्याचा संस्कार

गरजेच्या वेळी कोणतीही व्यक्ती स्नानसंस्कार देऊ शकते, मग ती पुरुष असो वा स्त्री. फक्त हा संस्कार देताना चर्चचा जो हेतू असतो तोच तिच्या मनात हवा. पाणी साधे, नैसर्गिक असावे. विहिरीचे, नळाचे, पावसाचे चालेल. बाळाच्या डोक्यावर पाणी तीनदा ओतावे, ते केसांवर अडकून न राहता त्वचेवरून वाहायला हवे, आणि ओतणाऱ्यानेच त्याच वेळी, बाळाचे नाव घेऊन, म्हणावे: मी तुला पिता आणि पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतो. एकाने पाणी ओतायचे आणि दुसऱ्याने शब्द म्हणायचे, असे करू नये. आपल्या धर्मग्रामात चालणारे नेमके शब्द फादरांकडून आताच पाठ करून घ्यावेत.

या शब्दांची इतकी काळजी का घ्यायची, तेही जपाननेच शिकवले. 1865 नंतर फ्रेंच मिशनऱ्यांनी गावोगावच्या मिझुकातांना त्यांचे सूत्र म्हणून दाखवायला लावले, तेव्हा काही ठिकाणी ते शाबूत निघाले, तर काही ठिकाणी तोंडातोंडी शब्द इतके झिजले होते की संस्काराबद्दलच शंका उरली. म्हणून स्नानसंस्कार देणाऱ्याने वर्षातून एकदा तरी आपल्या उत्तराधिकाऱ्यासमोर आणि दुसऱ्या गटातील जाणत्यासमोर सूत्र म्हणून दाखवावे. संस्कारानंतर बाळाचे नाव, तारीख, आईवडील, पाणी ओतणारा आणि एक साक्षीदार यांची नोंद करावी. कागद ठेवणे धोक्याचे असेल तर दोन वेगळ्या घरांतील माणसांनी ती लक्षात ठेवावी.

पाठांतर आणि त्याचा अर्थ

ग्रंथ जप्त होतात, फोन तपासले जातात. पाठ असलेले कोणी काढून घेऊ शकत नाही. प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, प्रेषितांचा विश्वासांगीकार, दहा आज्ञा, सात संस्कारांची नावे, जपमाळेची रहस्ये आणि पश्चात्तापाची प्रार्थना एवढे घरातील प्रत्येकाला आले पाहिजे. जपमाळ दहा बोटांवरही होते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीत रचले, कारण आपल्या लोकांना गद्यापेक्षा ओवी सहज पाठ होते हे त्यांनी ओळखले होते. आजही लहान मुलांना येशूच्या दुःखसहनाची कथा गाण्यातून शिकवली तर ती आयुष्यभर टिकते.

मात्र नुसते पाठांतर पुरत नाही, आणि हा इशारा मी मुद्दाम लांबवून देत आहे. जपानमधल्या लोकांच्या प्रार्थनांना ओराशो म्हणतात. त्यांत लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द जपानी उच्चारांत शिरून राहिले होते. काही गावांनी ते ओराशो अक्षरशः जिवापाड जपले, पण पिढ्या उलटल्या तसा त्यांचा अर्थ हरवला, आणि शेवटी ध्वनीच पवित्र ठरला. 1873 मध्ये बंदी उठल्यावर यांपैकी बरेच लोक चर्चमध्ये परतलेच नाहीत. आजोबांनी दिलेली रीत आणि नव्याने आलेल्या फादरांची शिकवण यांत त्यांनी आजोबांची बाजू घेतली. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण मला त्यात आपल्याच घरांचे प्रतिबिंब दिसते, कारण आपल्याकडेही जपमाळ घाईघाईने उरकणारी आणि एकाही रहस्याचा अर्थ न सांगता येणारी माणसे काही कमी नाहीत. म्हणून प्रत्येक प्रार्थना मातृभाषेत शिकवावी आणि आठवड्यातून एकदा एका ओळीचा अर्थ मुलालाच विचारावा. त्याने चुकीचे सांगितले तर बरेच. निदान कुठे काय निसटत आहे ते कळते.

पाय चुकला तर

नागासाकीत दरवर्षी नव्या वर्षाच्या सुमारास अधिकारी लोकांना येशूच्या किंवा मारियेच्या कोरीव प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. या प्रतिमेला फुमि-ए म्हणत. जे नकार देत त्यांना यातना होत. अनेकांनी पाय ठेवला, घरी आले आणि कोंचिरिसान म्हणजे पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. 17 व्या शतकाच्या आरंभीच या विषयावर एक लहान पुस्तिका जपानीत तयार झाली होती आणि तिच्या हस्तलिखित प्रती पुढे पिढ्यान्पिढ्या फिरत राहिल्या.

तिच्यामागची शिकवण आजही तीच आहे. पापाचे दुःख केवळ शिक्षेच्या भीतीने नव्हे, तर देवावरच्या प्रेमापोटी झाले, आणि शक्य होताच पापनिवेदन करण्याचा पक्का निश्चय त्यात असला, तर फादर नसतानाही मोठ्या पापाची क्षमा मिळते. या वाक्याचा उत्तरार्ध कोणी विसरू नये. रोज रात्री झोपण्यापूर्वी विवेकपरीक्षा करावी, पश्चात्तापाची प्रार्थना सावकाश म्हणावी, आणि फादर भेटल्यावर सांगायच्या गोष्टी मनाशी ठेवाव्यात. त्या कधीही लिहून ठेवू नयेत. मरणासन्न माणसाच्या कानाशी हीच प्रार्थना त्याच्यासाठी हळू आवाजात म्हणणे, ही कुटुंबाने करायची मोठी सेवा आहे.

श्रद्धा नाकारणे हे गंभीर पाप आहे आणि ते सौम्य शब्दांत झाकण्यात अर्थ नाही. पण जो खचला त्याच्यासाठी गटाचे दार बंद करू नये. पेत्राने तीनदा नाकारले आणि प्रभूने त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारून पुन्हा मेंढरे सोपवली. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांच्यापुढे हाच पेच आला, तेव्हा त्यांनी ना सर्वांना सरसकट माफ केले, ना कायमचे हाकलले. प्रायश्चित्ताची वाट आखून दिली. खचलेल्याला काही काळ जबाबदारीचे काम देऊ नये, गटातील इतरांची नावे सांगू नयेत, परंतु जपमाळेला मात्र बोलवावे.

लपणे आणि नाकारणे

मौन राखणे, मूर्ती लपवणे, गाव सोडणे यांत पाप नाही. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावात पळून जा, असे प्रभूनेच शिष्यांना सांगितले. संत सिप्रियन स्वतः 250 च्या छळात लपून राहिले आणि तेथून पत्रांद्वारे आपला समाज चालवत राहिले. 258 मध्ये वेळ आली तेव्हा त्यांनी मान दिली. उलट, आपण होऊन पुढे जाऊन अटक ओढवून घेण्याला चर्चने कधीच उत्तेजन दिले नाही. दुसऱ्या शतकात स्मुर्ना येथे क्विंतुस नावाचा माणूस असाच पुढे गेला आणि हिंस्र प्राणी पाहताच खचला. जपानी ख्रिस्ती लोक कान्नोन या बौद्ध करुणादेवतेच्या मूर्तीसमोर बसून मनात मारियेला हाक मारत, आणि घरातली माणसे बौद्ध मंदिराच्या वहीत नोंदवलेली असत, कारण नोंद नसणे हाच गुन्हा होता. हे कितपत योग्य, यावर विद्वानांत मतभेद आहेत. माझे मत असे की काय केले तर ते नाकारणे ठरते याची रेषा गटाने फादर असतानाच त्यांच्याशी बोलून ठरवावी, शिपाई दारात आल्यावर नव्हे.

तुरुंगात एकट्याने राहावे लागले तर व्हिएतनामचे बिशप न्गुयेन व्हान थुआन यांचे उदाहरण समोर ठेवावे. 1975 मध्ये अटक झाल्यापासून त्यांनी तेरा वर्षे बंदिवासात काढली, त्यांतली नऊ एकांतात. पोटदुखीचे औषध म्हणून बाहेरून आलेल्या द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. प्रापंचिक माणसाला मिस्सा करता येत नाही, परंतु दिवसाची ठरावीक वेळ देवाला देता येते. छळणाऱ्याच्या नावाने रोज एक प्रार्थनाही म्हणावी. निशिझाकाच्या 26 जणांपैकी एक असलेल्या पौलो मिकी यांनी क्रूसावरून आपल्या मारेकऱ्यांना क्षमा केली होती. याबाबत आपण अधिक नम्र असायला हवे, कारण गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेच्या चौकशीचे धर्मन्यायालय, चालवणारे कॅथलिकच होते, आणि श्रद्धेपायी छळ सोसणाऱ्यांत त्या काळी आपल्या हिंदू शेजाऱ्यांचे पूर्वजही होते.

काय करू नये

कोरियात 1784 मध्ये यी सुंग-हुन बीजिंगहून स्नानसंस्कार घेऊन आले आणि एकाही फादराशिवाय तेथे चर्च उभे राहिले. उत्साहाच्या भरात त्या लोकांनी आपल्यातलेच काही जण धर्मगुरू नेमले, ते मिस्सा करू लागले आणि पापनिवेदनही ऐकू लागले. पण वाचता वाचता त्यांना शंका आली, त्यांनी बीजिंगच्या बिशपांना पत्र लिहून विचारले, हे चालत नाही असे उत्तर आले, आणि त्यांनी ते ताबडतोब थांबवले. चाऊ वेन-मो नावाचे चिनी फादर 1794 च्या अखेरीस कोरियात शिरले तेव्हा सुमारे 4,000 श्रद्धावंत त्यांची वाट पाहत होते. शंका घेणे आणि चुकलेले थांबवणे, या दोन गोष्टींनी ते चर्च वाचवले असे मला वाटते. म्हणून मिस्सा, पापनिवेदन आणि आजाऱ्याचा अभ्यंग या गोष्टी कोणत्याही परिस्थितीत घरच्या माणसाने करू नयेत. लग्नाचे तसे नाही: महिनाभर फादर मिळणार नाहीत अशी खात्री असेल तर वर-वधूंनी दोन साक्षीदारांसमोर दिलेली संमती चर्च वैध मानते.

फादर आल्यावर

येणारा माणूस खरा फादर आहे की हेर, हे ओळखण्यासाठी उराकामीच्या लोकांकडे पूर्वजांनी दिलेल्या तीन खुणा होत्या: तो मारियेला मान देतो का, तो अविवाहित आहे का, आणि तो रोमच्या पोपना मानतो का. फादरही लोकांना शोधत असतात. गोव्याचे संत जोसेफ वाझ 1687 मध्ये डच अंमलाखालच्या जाफन्यात भिकाऱ्याच्या वेशात शिरले आणि गळ्यात जपमाळ घालून दारोदार फिरले, ती पाहून कोणाच्या चेहऱ्यावर काय उमटते ते निरखत, असे सांगितले जाते. आपल्या गटानेही असे काही प्रश्न आणि खुणा ठरवाव्यात, आणि पहिल्या भेटीत एकाच माणसाने पुढे जावे.

ओळख पटली की घाई करावी. स्नानसंस्कारांची नोंद किंवा ती लक्षात ठेवणारी माणसे त्यांच्यासमोर आणावीत, पाण्याचे सूत्र त्यांना म्हणून दाखवावे, आणि ते म्हणाले की काही संस्कार, आधीचे वैध नसतील तर, अशा अटीसह पुन्हा द्यावे लागतील, तर त्यात अपमान मानू नये. दोन साक्षीदारांसमोर झालेली लग्ने सांगावीत. मग पापनिवेदनासाठी रांग लावावी, आणि रांगेत सर्वांत पुढे, ज्यांचा पाय कधी घसरला होता, त्यांना उभे करावे.